पंखा नसलेला छोटा संगणक किती वर्षं चालेल?

तळहातावर मावेल एवढा धातूचा खोका. आत पंखा नाही, फिरणारी डिस्क नाही, आणि चालू केल्याबरोबर समोर लिनक्सचा डेस्कटॉप. असे संगणक गेली पंधरा-वीस वर्षं विकले जात आहेत. त्यांच्या जाहिरातीत दोन गुण नेहमी शेजारी शेजारी छापलेले असतात: अजिबात आवाज नाही, आणि मुक्तस्रोत, म्हणजे जिचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशी, ऑपरेटिंग सिस्टिम आधीच बसवलेली. वाचणाऱ्याला वाटतं की पहिला गुण शांतता आवडणाऱ्यांसाठी आहे आणि दुसरा लिनक्सप्रेमींसाठी. मला मात्र हे दोन्ही गुण एकाच प्रश्नाला धरून असल्यासारखे दिसतात: हे यंत्र किती वर्षं उपयोगी राहील? हलणारा एकही भाग नसलेलं यंत्र सहसा झिजून बंद पडत नाही. बहुतेक वेळा त्याच्यासाठी नवं सॉफ्टवेअर मिळेनासं होतं आणि चालू स्थितीतला खोका अडगळीत जातो. म्हणून हे संगणक समजून घ्यायचे तर आधी उष्णतेचं गणित बघायला हवं आणि मग सॉफ्टवेअरचं.

उष्णता येते कुठून

प्रोसेसर म्हणजे कोट्यवधी, आता तर अब्जावधी, सूक्ष्म स्विचांचं जाळं. हे स्विच म्हणजेच ट्रान्झिस्टर. प्रत्येक स्विच चालू-बंद होताना किंचित विद्युतभार साठतो आणि सोडला जातो, आणि दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर पडते. एका सेकंदात किती स्विच किती वेळा हलतात यावर ही उष्णता अवलंबून असतेच, पण त्याहून जास्त फरक व्होल्टेजने पडतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज निम्मं केलं की तेवढ्याच कामाला पाव ऊर्जा पुरते. १९८० च्या दशकातल्या चिप सर्रास ५ व्होल्टवर चालत, आजच्या साधारण १ व्होल्टच्या आसपास चालतात. एका स्विचच्या एका हालचालीमागे निव्वळ व्होल्टेजमुळे झालेली ही बचत जवळजवळ २५ पट आहे.

आयबीएममधले रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली हे गणित मांडलं होतं. ट्रान्झिस्टर लहान करत गेलात आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवत गेलात, तर चिपच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरमागची उष्णता तेवढीच राहते, असं त्यांचं म्हणणं. तीसेक वर्षं उद्योग याच भरवशावर चालला. पुढे व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड झालं, कारण ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. वेग वाढवण्याची शर्यत मात्र चालूच होती. २००४ साली बाजारात आलेला इंटेलचा ३.८ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ हा प्रोसेसर त्या शर्यतीचा शेवटचा टप्पा. ११५ वॅट उष्णता, आणि तीही ११२ चौरस मिलिमीटरच्या चिपमधून! एका चौरस मिलिमीटरमागे एक वॅट. मोठा हीटसिंक (उष्णता शोषून हवेत सोडणारा पट्ट्यांचा धातूचा ठोकळा) आणि जोरदार पंखा यांच्याशिवाय असली चिप चालणं शक्यच नव्हतं. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत इंटेलने त्याच वर्षी सोडून दिला.

त्यानंतर दिशा बदलली. थोडा कमी वेग, कमी व्होल्टेज, जास्त कोअर (एकाच चिपमधले स्वतंत्र प्रोसेसर), आणि काम नसेल तेव्हा चिपचे भाग झोपवून ठेवण्याची सोय. २००८ मध्ये इंटेलचा ॲटम आला. त्याच्या काही प्रकारांची उष्णता २ वॅटच्या आसपास होती. मोबाईल फोनसाठी बनणाऱ्या एआरएम चिप तर मुळातच पंख्याशिवाय जगायच्या होत्या. पंखा नसलेला, पण रोजच्या कामाला पुरेसा संगणक सामान्य ग्राहकाला परवडेल अशा रीतीने शक्य झाला तो या बदलामुळे. त्याआधीही असे संगणक होते, पण ते प्रामुख्याने कारखान्यांत आणि यंत्रसामग्रीत बसवलेले असत.

खोकाच हीटसिंक

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. संगणक जेवढी वीज घेतो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. दहा वॅट घेणारा संगणक दहा वॅटची शेगडी असतो. पंखा असो वा नसो, हे दहा वॅट बाहेर पडलेच पाहिजेत. पंखा फक्त ते काम घाईने करतो: गरम पृष्ठभागावरची तापलेली हवा ढकलून देतो आणि तिथे थंड हवा आणतो.

पंखा काढला की ही जबाबदारी धातूच्या खोक्यावर येते. म्हणून चांगल्या पंखाविरहित संगणकात प्रोसेसर थेट वरच्या किंवा खालच्या धातूच्या पत्र्याला टेकवलेला असतो. मध्ये थर्मल पेस्ट किंवा मऊ थर्मल पॅड असतो. पेस्ट स्वतः धातूइतकी उष्णतावाहक नसते. पण दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म खड्डे असतात, त्यांत हवा अडकते, आणि हवा फार वाईट उष्णतावाहक आहे. ॲल्युमिनियम हवेपेक्षा हजारो पट चांगलं वाहक आहे. पेस्टचं काम एवढंच की ती हवा हुसकून लावायची. काही संगणकांत चिपपासून खोक्याच्या बाजूंपर्यंत तांब्याच्या उष्णतानळ्या नेतात. नळीच्या आत अगदी कमी दाबाखाली थोडं पाणी असतं. ते गरम टोकाला वाफ होतं, थंड टोकाला परत पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून मागे झिरपतं. यात हलणारा भाग एकही नाही, तरीही उष्णता भराभर वाहून जाते.

आता प्रत्यक्ष गणित करून बघू, कारण इथेच या संगणकांचं सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दिसतात. इस्रायलमधल्या कॉम्प्युलॅब या कंपनीने २००९ मध्ये फिट-पीसी २ नावाचा संगणक आणला. लांबी ११५ मिलिमीटर, रुंदी १०१, उंची २७. सहाही बाजूंचं क्षेत्रफळ मिळवलं तर साधारण ०.०३५ चौरस मीटर भरतं. वारा नसलेल्या खोलीत अशा खोक्याचा एक चौरस मीटर पृष्ठभाग, हवेपेक्षा एक अंश जास्त गरम असेल तर, ढोबळमानाने दहा वॅट उष्णता सोडतो. खोका खोलीपेक्षा २० अंशांनी गरम होऊ द्यायचा ठरवला तर ०.०३५ गुणिले १० गुणिले २०, म्हणजे ७ वॅट. आणि फिट-पीसी २ खरोखर किती वीज घेत असे? ६ ते ८ वॅट. खोक्याचा आकार आणि चिपची भूक एकमेकांशी किती घट्ट बांधलेली आहेत ते इथे दिसतं. तेवढ्याच खोक्यात कोणी २५ वॅटची चिप भरली, तर ती चालेल, पण पूर्ण वेगाने फार वेळ चालणार नाही.

त्या दहा वॅटमधले साधारण निम्मे हवेमार्फत जातात आणि निम्मे अवरक्त किरणांच्या रूपात. हा दुसरा वाटा बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. चकचकीत ॲल्युमिनियम अवरक्त किरण फार थोडे सोडतं. त्यालाच अॅनोडायझिंग केलं, म्हणजे विजेच्या साहाय्याने त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढवला, किंवा रंग दिला की ते कितीतरी जास्त सोडतं. हे खोके काळे आणि खरखरीत असण्यामागे हे कारण आहे, जरी रंग काळाच हवा असं काही नाही. पांढरा रंगही अवरक्त किरण चांगले सोडतो. खोक्यावरच्या उभ्या पट्ट्या हवेच्या वाट्याचं काम वाढवतात, कारण हवेला टेकणारं क्षेत्रफळ वाढतं. पट्ट्या वरच्या दिशेने उघड्या असतील तर गरम हवा सहज वर चढते. म्हणून असा संगणक बंद कपाटात किंवा टीव्हीमागच्या कोंदट खाचेत ठेवू नये. त्यावर पुस्तकं रचणं तर त्याहून वाईट.

खोका हाताला गरम लागला की लोक घाबरतात. उलट, गरम खोका हे रचना बरोबर काम करत असल्याचं लक्षण आहे. चिंता करावी ती पूर्ण भार असतानाही खोका गारच राहतो तेव्हा. अशा वेळी उष्णता आत अडकलेली असू शकते. आतल्या चिपचं तापमान मर्यादेजवळ, म्हणजे बऱ्याच चिपमध्ये १०० अंशांच्या आसपास, पोहोचलं की ती आपोआप वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. चिप जळत नाही, फक्त मंदावते. खोलीतलं तापमान २० वरून ४० अंशांवर गेलं की खोक्यालाही तेवढेच २० अंश जास्त सोसावे लागतात. हिवाळ्यात सुरळीत चालणारं यंत्र भर उन्हाळ्यात व्हिडिओ रूपांतर करताना अडखळू लागतं ते याच कारणाने.

इथे चिपवर छापलेल्या आकड्याबद्दल सावध राहायला हवं. इंटेलचा एन१०० हा २०२३ मध्ये आलेला चार कोअरचा प्रोसेसर सध्या अशा खोक्यांत फार दिसतो. त्याची अधिकृत उष्णता ६ वॅट. पण चिपला दोन मर्यादा दिलेल्या असतात: सतत चालताना किती वॅट, आणि थोड्या वेळासाठी उसळी घ्यायची तर किती. संगणक बनवणारे या मर्यादा बायोसमध्ये (यंत्र चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बऱ्याचदा वाढवून ठेवतात, म्हणजे चाचण्यांमध्ये आकडे चांगले दिसतात. पंखा असलेल्या यंत्रात ते चालून जातं. पंखाविरहित खोक्यात मात्र सहा वॅटचा म्हणून घेतलेला प्रोसेसर दुप्पट-तिप्पट वॅट घेत राहतो आणि खोका तापतो. बायोसमध्ये ही मर्यादा खाली आणता येत असेल तर जरूर आणावी. रोजच्या वापरात वेगातला फरक जाणवतही नाही.

पंखा नाही म्हणजे ताकद नाही, असं मात्र समजू नका. कॉम्प्युलॅबच्याच एअरटॉप ३ वर बेतलेला मिंटबॉक्स ३ हा २०१९ मध्ये आला, आणि त्याच्या वरच्या प्रकारात इंटेलचा कोअर आय९ प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं, तरीही पंखा नव्हता. दोन्ही बाजूंच्या उभ्या पोकळ्यांतून गरम हवा आपोआप वर चढून जाते. अर्थात तो तळहातावर मावणारा खोका नव्हता. मागच्या गणिताकडे पाहिलं तर कळेल का: जास्त वॅट हवे असतील तर जास्त पृष्ठभाग द्यावाच लागतो.

पंखा नसल्याचा मोठा फायदा आवाजापेक्षाही धुळीचा आहे, असं माझं मत. पंखा हवेसोबत धूळ आत ओढतो, ती हीटसिंकच्या पट्ट्यांत बसते, उष्णता अडते, पंखा आणखी जोरात फिरतो, त्याच्या बेअरिंगमधलं वंगण सुकतं आणि शेवटी तो घरघर करत थांबतो. बंद खोक्यात हे चक्र सुरूच होत नाही. तरी हा खोका अमर नाही. वीजपुरवठ्याच्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. स्वस्त अडॅप्टर तर खोक्याच्या कितीतरी आधी जातो. आणि जिथे साठवण मेमरी कार्डवर आहे, तिथे सततच्या लिहिण्याने कार्ड झिजतं. म्हणून चोवीस तास चालवायच्या यंत्रात एसएसडी, म्हणजे फिरणारा भाग नसलेली टिकाऊ डिस्कच असावी.

सॉफ्टवेअर कधी संपतं

आता दुसरी बाजू. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. चिप, स्क्रीन, वाय-फाय, आवाज, डिस्क या सगळ्यांशी बोलणं हे कर्नलचं काम, आणि प्रत्येक प्रकारच्या भागाशी कसं बोलायचं हे सांगणारा कोडचा तुकडा म्हणजे ड्रायव्हर. लिनक्स हा कर्नल १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केला. त्याचा परवाना जीपीएल, म्हणजे ज्याला लिनक्स मिळतो त्याला त्याचा मूळ कोडही मिळाला पाहिजे, आणि तो बदलून पुढे देण्याची मुभाही. या कर्नलभोवती डेस्कटॉप, ब्राउझर आणि बाकीची साधनं जुळवून तयार होतात त्या डेबियन, उबुंटू, लिनक्स मिंट यांसारख्या डिस्ट्रो. फायरवॉलसारख्या (घरच्या नेटवर्कची बाहेरच्या इंटरनेटपासून राखण करण्याच्या) कामासाठी विकल्या जाणाऱ्या खोक्यांत कधी कधी लिनक्सऐवजी फ्रीबीएसडीवर आधारलेली पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स असते. तीही मुक्तस्रोतच.

लिनक्स तर फुकट उतरवून कोणत्याही संगणकावर बसवता येतो. मग आधीच बसवून विकण्यात विशेष काय? विशेष हे की विकणाऱ्याने त्या यंत्रातला प्रत्येक भाग लिनक्सशी बोलतो की नाही हे तपासलेलं असतं, निदान तपासलेलं असायला हवं. हे तपासणं किती महत्त्वाचं आहे ते त्याच फिट-पीसी २ च्या गोष्टीतून कळतं.

त्या काळात इंटेलच्या स्वतःच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर खुले होते आणि लिनक्सवर उत्तम चालत. पण ॲटमच्या या छोट्या प्रकारासोबत येणाऱ्या चिपसेटमध्ये जीएमए ५०० नावाचं जे ग्राफिक्स होतं, ते इंटेलचं नव्हतंच. ते इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज या कंपनीकडून परवान्यावर घेतलेलं पॉवरव्हीआर होतं, आणि त्याचा ड्रायव्हर बंद होता. बंद ड्रायव्हर म्हणजे तयार, न उघडता येणारी फाईल, आणि ती ठराविक कर्नलसोबतच चालते. उबुंटूची पुढची आवृत्ती घेतली की कर्नल बदलायचा, ड्रायव्हर जुळायचा नाही, आणि व्हिडिओ अडखळायचा किंवा स्क्रीनचं रिझोल्यूशनच हरवायचं. ज्यांच्याकडे मूळ कोड होता त्यांनी तो दुरुस्त केला नाही, आणि ज्यांना दुरुस्त करायचा होता त्यांच्याकडे कोड नव्हता. शेवटी २०११ मध्ये लिनक्स कर्नलचे जुने विकसक ॲलन कॉक्स यांनी बनवलेला खुला ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. त्यात त्रिमितीय ग्राफिक्स नव्हतं, पण स्क्रीन नीट दिसू लागली आणि नव्या कर्नलसोबत दिसत राहिली.

या गोष्टीतून एक शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे: मेनलाइन. मेनलाइन म्हणजे लिनक्स कर्नलची मुख्य, सार्वजनिक शाखा. एखादा ड्रायव्हर मेनलाइनमध्ये गेला की कर्नलच्या आतल्या रचना बदलताना तो ड्रायव्हरही सोबत बदलला जातो. ही जबाबदारी बदल करणाऱ्याचीच असते. मूळ कंपनी बुडाली किंवा तिचं लक्ष उडालं तरी ड्रायव्हर चालत राहतो. ड्रायव्हर मेनलाइनच्या बाहेर असेल तर तो कंपनीच्या मर्जीवर जगतो. सिस्टिम मुक्तस्रोत आहे की नाही एवढं विचारून म्हणूनच भागत नाही. आतल्या भागांचे ड्रायव्हर मेनलाइनमध्ये आहेत का, हा खरा प्रश्न.

फिट-पीसी २ मधला ॲटम ३२ बिटचा होता, म्हणजे आजच्या ६४ बिटच्या प्रोसेसरांच्या आधीच्या पिढीच्या रचनेचा. लिनक्स मिंटच्या मुख्य आवृत्तीने २०२० मध्ये ३२ बिट सोडलं. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपर्यंत अशा यंत्रांसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दिला, आणि २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत थांबवला. म्हणजे २००९ मध्ये विकलेल्या, सहा वॅटच्या, एक जीबी रॅमच्या खोक्यावर चौदा वर्षांनंतरही ताजी सिस्टिम अधिकृतपणे बसवता येत होती. ती धापा टाकत चालेल हे खरं, पण छोट्या सर्व्हरचं काम करेल. हार्डवेअरच्या शांत आयुष्याला साजेसं सॉफ्टवेअरचं आयुष्य म्हणतात ते हे.

एआरएमची वेगळी अडचण

इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांत एक मोठी सोय असते. चालू होताना यंत्रातलं फर्मवेअर (चिपमध्येच साठवलेलं पायाभूत सॉफ्टवेअर) ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं की इथे काय काय बसवलेलं आहे. म्हणून एकच लिनक्सची प्रत जवळजवळ कुठल्याही पीसीवर चालू होते. बहुतेक एआरएम बोर्डांवर हे होत नाही. अंधारात अनोळखी घरात शिरावं आणि दिव्याचं बटण कुठे ते कोणीच सांगू नये, अशी तिथे कर्नलची अवस्था असते. त्याला प्रत्येक बोर्डाचा नकाशा आधीच हातात द्यावा लागतो. या नकाशाच्या फाईलला डिव्हाइस ट्री म्हणतात.

रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला तेव्हापासून त्याच्यामागे मोठा समुदाय आणि स्वतःची संस्था असल्यामुळे हे नकाशे आणि कर्नल सतत ताजे राहिले. २०२० मध्ये आलेला रास्पबेरी पाय ४०० तर कीबोर्डातच बसवलेला पूर्ण संगणक आहे, आत धातूची रुंद पट्टी आहे आणि पंख्याची गरज नाही. इतर अनेक बोर्डांचं तसं नाही. चिप बनवणारी कंपनी एक जुना कर्नल घेते, त्यात आपले बदल घालते आणि तो बोर्ड विकणाऱ्यांना देते. रॉकचिपच्या आरके३५८८ या दमदार चिपसोबत बराच काळ कंपनीचा ५.१० हा कर्नल दिला जात होता, जो मुळात २०२० च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. मेनलाइनमध्ये त्या चिपचा आधार स्वतंत्र अभियंत्यांनी तुकड्यातुकड्याने, काही वर्षांत उभा केला. अशा खोक्याच्या जाहिरातीत डेबियन किंवा उबुंटू असं नाव असतं आणि ते खोटंही नसतं. पण कर्नल एका जागी गोठलेला असतो. बाकीची साधनं अद्ययावत होत राहतात आणि गाभा जुना पडत जातो. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रासाठी हा सुरक्षेचा गंभीर प्रश्न आहे.

ज्यांनी हे नीट केलं

लिनक्स मिंट आणि कॉम्प्युलॅब यांनी २०१२ मध्ये मिंटबॉक्स आणला. पट्ट्यापट्ट्यांचा धातूचा खोका, आत एएमडीची कमी वॅटची चिप, आणि लिनक्स मिंट आधीच बसवलेलं. सिस्टिम बनवणारे आणि यंत्र बनवणारे एकत्र बसले होते, त्यामुळे ग्राफिक्स चालेल का, वाय-फाय चालेल का, हे ग्राहकाने शोधत बसायची गरज नव्हती. विक्रीतला वाटा मिंटच्या कामाला मिळत असे. पुढे मिंटबॉक्स मिनी आणि मिनी २ हे त्याहून छोटे प्रकार आले. मला या प्रयोगाचं मोल वाटतं ते पैशाच्या या रस्त्यामुळे. जे लोक वर्षानुवर्षं अपडेट देतात त्यांच्यापर्यंत यंत्राच्या किमतीतला काही भाग पोहोचला, तर अपडेट मिळत राहण्याची शक्यता वाढते.

दुसरं उदाहरण राउटरचं. राउटरही पंखा नसलेला छोटा संगणकच असतो, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२ च्या शेवटी आला. त्यात लिनक्स आहे हे लोकांच्या लक्षात आलं, जीपीएलनुसार कोड मागितला गेला, आणि २००३ मध्ये कंपनीने तो दिला. त्या कोडमधून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. आज कंपन्यांनी वाऱ्यावर सोडलेल्या कितीतरी राउटरांना तोच प्रकल्प नवी सुरक्षा-दुरुस्ती पोहोचवतो. २०२४ मध्ये या प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेसोबत स्वतःचाच राउटर आणला, ओपनडब्ल्यूआरटी वन. त्यात मुख्य साठवणीखेरीज सुटकेसाठी वेगळी छोटी मेमरी आहे. एका स्विचने त्या मेमरीवरून यंत्र चालू करता येतं, त्यामुळे चुकीचं सॉफ्टवेअर चढवलं तरी यंत्र कायमचं निकामी होत नाही. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याने ते बिनधास्त उघडून बघावं, असा विचार या रचनेत आहे.

सिस्टिमच्या खालीही एक थर असतो. बायोस किंवा यूईएफआय फर्मवेअर बहुतेक यंत्रांत बंदच असतं, आणि इंटेलच्या चिपमध्ये मॅनेजमेंट इंजिन नावाचा स्वतंत्र छोटा संगणकही असतो, तोही बंद. कोअरबूट हा मुक्तस्रोत फर्मवेअरचा प्रकल्प १९९९ मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत सुरू झाला, आणि प्रोटेक्टलीसारखे काही विक्रेते पंखाविरहित यंत्रांवर तो देतात. वाय-फायच्या चिपलाही स्वतःचं बंद फर्मवेअर लागतं. डेबियनने वर्षानुवर्षं ते आपल्या इन्स्टॉलरमध्ये घेतलं नव्हतं. २०२२ मध्ये सभासदांनी मत देऊन भूमिका बदलली, आणि १२ व्या आवृत्तीपासून ते सोबत येतं. माझ्या मते निर्णय योग्य होता, कारण नेटच न लागणारी शुद्ध सिस्टिम नवख्या माणसाला लिनक्सपासून दूरच नेते. तरीही संपूर्ण खुला म्हणून विकला जाणारा संगणक बहुतेक वेळा तळापर्यंत खुला नसतो, हे माहीत असावं.

घेताना

काम काय आहे त्यावर सगळं ठरतं. ब्राउझर, कागदपत्रं, व्हिडिओ पाहणं, फायलींचा घरगुती सर्व्हर, फायरवॉल, घरातली उपकरणं सांभाळणारं होम असिस्टंट, ही कामं असा खोका वर्षानुवर्षं आरामात करतो. तासन्‌तास व्हिडिओ संपादन किंवा जड खेळ यांच्यासाठी तो नाही. चोवीस तास चालणाऱ्या कामात विजेची बचत मोठी आहे: सतत १० वॅट घेणारं यंत्र वर्षाला साधारण ८८ युनिट वापरतं, ६० वॅटचा जुना डेस्कटॉप ५२५ च्या वर.

रॅम बदलता येते की बोर्डवर डकवलेली आहे, हे आधी विचारा, कारण दहा वर्षं चालवायच्या यंत्रात ती एकच गोष्ट बहुधा कमी पडते. विक्रेता फक्त अमुक डिस्ट्रो चालते एवढंच सांगत असेल तर कर्नल कुठला आहे आणि डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवलेली साधी प्रत त्यावर चालते का, हे विचारा. फक्त विक्रेत्याचीच खास प्रत चालत असेल तर मी ते यंत्र घेणार नाही. फर्मवेअरचे अपडेट लिनक्समधूनच मिळतात का, हेही बघा. काही उत्पादक ते एलव्हीएफएस या सामायिक सेवेवर ठेवतात, तिथून ते एका क्लिकवर बसतात.

आणि यंत्र हातात आलं की आधी बसवलेली सिस्टिम एकदा चालवून सगळे भाग चालतात ना ते पाहा, मग ती पुसून टाका. डिस्ट्रोच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत उतरवा, तिथे दिलेल्या चेकसमशी (फाईल बदललेली नाही हे पडताळण्याच्या आकड्याशी) ती ताडून पाहा आणि नव्याने बसवा. कारखान्यात डिस्कवर आणखी कोणी काय ठेवलं असेल याची काळजी त्यामुळे उरत नाही, आणि यंत्र विक्रेत्यावर किती अवलंबून आहे तेही लगेच कळतं. वाय-फाय, ब्लूटूथ, आवाज, झोपेतून उठणं, दुसरी स्क्रीन, सगळं पुन्हा तपासा. मग अर्धा तास प्रोसेसरवर पूर्ण भार टाका आणि एलएम-सेन्सर्ससारख्या साधनाने तापमान, आणि सोबत प्रोसेसरचा वेगही बघत राहा. वेग सुरुवातीच्या उसळीनंतर एका पातळीवर स्थिरावला तर ठीक आहे. तो खालीच जात राहिला तर प्रोसेसर आणि खोका नीट टेकलेले नाहीत असं समजा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी ते यंत्र बदलून घ्या.